वायफाय गायब झालंय? आधी कार्डाचा नंबर बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि 'आता विंडोज ११ टाकूनच घेऊ' असं म्हणत अनेकांनी आपापले कॉम्प्युटर फॉरमॅट मारले. काहींनी विंडोजऐवजी लिनक्स या फुकट प्रणालीचा रस्ता धरला. फायली कॉपी होतात, मशीन दोन-तीनदा बंद-चालू होतं, सगळं नीट चाललेलं असतं आणि मग पडदा येतो: इंटरनेटला जोडा. खाली वायफायची यादी यायला हवी, तिथे काहीच नाही. विंडोज ११ ची होम आवृत्ती तर इंटरनेटशिवाय पुढे सरकायलाच तयार नसते. त्याच टेबलावर पडलेल्या फोनला मात्र वायफाय फुल्ल.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: वायफायचा ड्रायव्हर नाही. तो मिळतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट सुरू व्हायला हवा तो ड्रायव्हर. इथे घोडं अडलं की 'वायफाय ड्रायव्हर' या नावाने मिळेल ते आणून टाकायला सुरुवात होते. माझं म्हणणं असं, की ड्रायव्हर आणणं हा या कामातला सोपा भाग आहे. आपल्या मशीनमध्ये कोणतं कार्ड बसलंय हे ओळखणं हा खरा भाग, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

## ड्रायव्हर म्हणजे काय?

लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड म्हणजे साधारण २२ बाय ३० मिलिमीटरची हिरवी किंवा काळी पट्टी. तिच्यावर एक चिप असते आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा तिला टोचलेल्या असतात. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम, ब्रॉडकॉम अशा मोजक्या कंपन्या या चिप बनवतात. चिपला 'आता नेटवर्क शोध', 'आता हा डेटा पाठव' असं सांगायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचीही वेगळी. विंडोज किंवा लिनक्सला त्या चिपशी त्याच पद्धतीने बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

टीव्ही ठणठणीत आहे, पण हातातला रिमोट दुसऱ्याच कंपनीचा आहे, अशी कल्पना करा. बटणं कितीही दाबा, टीव्ही ढिम्म. तो बिघडलेला नसतो, आणि आणखी चार चुकीचे रिमोट आणूनही काही फरक पडत नाही. ड्रायव्हर नसलेल्या कार्डाचं नेमकं असंच असतं.

आणखी एक शब्द लागेल: फर्मवेअर. खुद्द चिपच्या आत चालणारा प्रोग्राम तो. मशीन सुरू होताना ड्रायव्हर तो चिपमध्ये भरतो. विंडोजमध्ये तो ड्रायव्हरच्या पॅकेजमध्येच येतो, म्हणून त्याचं नाव कानावर पडत नाही. लिनक्समध्ये मात्र अनेकदा तोच नडतो.

## मग सगळे ड्रायव्हर विंडोजमध्येच का घालून देत नाहीत?

घालतात की. विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हरचा मोठा साठा असतो. पण तो साठा ज्या दिवशी ती आवृत्ती तयार झाली त्या दिवसाचा. त्यानंतर बाजारात आलेली चिप त्यात असणार कशी? म्हणूनच एक उलटं वाटणारं दृश्य दिसतं: पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर वायफाय आपोआप चालू होतं आणि कोरा करकरीत लॅपटॉप रुसून बसतो. वर पेनड्राइव्ह दोन वर्षांपूर्वी बनवून ठेवलेला असेल तर विचारायलाच नको. ताजी आवृत्ती उतरवून तो नव्याने बनवला तरी कित्येकदा प्रश्न तिथेच मिटतो.

कॉम्प्युटर दुकानातून आला तेव्हा वायफाय चालू होतं, कारण बनवणाऱ्या कंपनीने आपले ड्रायव्हर आधीच भरून दिले होते. फॉरमॅट मारताना तेही गेले.

## आधी खात्री करा: ड्रायव्हर नाही, की कार्डच दिसत नाही?

अजून त्या अडलेल्या पडद्यावरच असाल तर आधी खाली दिलेली फोनच्या केबलची युक्ती करून पाहा. विंडोज उघडलेलं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. इथे 'नेटवर्क अडॅप्टर्स' या गटात वायफाय किंवा वायरलेस असं नाव दिसलं, तर ड्रायव्हर आहे आणि दुखणं दुसरं आहे. ते नाव नाही, पण 'अदर डिव्हाइसेस' या गटात पिवळ्या खुणेसह 'नेटवर्क कंट्रोलर' दिसतोय, तर तोच आपला इसम. कॉम्प्युटरला कार्ड दिसतंय, ते कोण आहे हे कळत नाहीये. जवळच 'इथरनेट कंट्रोलर' असेल तर तो वायरच्या नेटवर्कचा, त्याच्याशी गल्लत करू नका. यूएसबीचा वायफाय डोंगल असेल तर बहुधा '८०२.११ एसी एनआयसी' असं काहीतरी दिसेल. ८०२.११ हा वायफायच्या मानकाचाच क्रमांक आहे.

त्या नावावर डबल क्लिक केलं की स्थिती सांगणाऱ्या चौकटीत एक कोड असतो. लोक तो वाचतच नाहीत, आणि तिथेच उत्तर लिहिलेलं असतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. कोड २२ म्हणजे कोणीतरी कार्ड बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून 'एनेबल' म्हटलं की काम झालं. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं.

आणि काहीच दिसत नसेल तर? ना नेटवर्क अडॅप्टरमध्ये, ना पिवळ्या खुणेत. मग जगातला कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही, कारण ज्याच्यासाठी तो घालायचा ते कार्डच कॉम्प्युटरला सापडलेलं नाही. अशा वेळी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. अडकून बसलेलं कार्ड एवढ्याने जागं झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. नुसतं 'शट डाउन' इथे पुरत नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच परत आणला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हेही जमलं नाही तर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये वायरलेस बंद केलेलं नाही ना, ते पाहा.

ब्लूटूथवरूनही अंदाज बांधता येतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच पट्टीवर असतात, पण कॉम्प्युटरशी त्यांचं बोलणं वेगवेगळ्या वाटांनी चालतं. ब्लूटूथ व्यवस्थित असेल तर पट्टी जागेवर आहे असं धरून चाला.

डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी: मुळात वायफाय आहे का? पुष्कळ डेस्कटॉपमध्ये ते नसतंच. डब्याच्या मागे अँटेना फिरवून बसवायचे दोन सोनेरी आटे दिसले तर कार्ड आहे. काहीच नसेल आणि यूएसबीचा डोंगलही नसेल, तर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही.

## नंबर कसा वाचायचा

पिवळ्या खुणेच्या 'नेटवर्क कंट्रोलर'वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स'. तिथल्या खाली उघडणाऱ्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. समोर इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या लांबलचक चार-सहा ओळी येतील. घाबरू नका, त्यातले दोनच तुकडे आपल्या कामाचे. 'व्हीईएन' या अक्षरांपुढची चार चिन्हं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, आणि 'डीईव्ही'पुढची चार म्हणजे त्या कंपनीची नेमकी चिप. पहिल्या ओळीत पुढे 'सबसिस' असतं, ते कार्ड कोणत्या ब्रँडसाठी बनवलं ते सांगतं.

कंपनीचे नंबर ठरलेले असतात. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा, तो त्यांनी हौसेने घेतलाय हे उघड आहे. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस. नमुना म्हणून, १४सी३ आणि पुढे ७९६१ दिसलं तर ती मीडियाटेकची एमटी७९२१ ही चिप. ८०८६ आणि २७२३ असेल तर इंटेलचं एएक्स२०० कार्ड. यूएसबी डोंगलमध्ये याच जागी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतात. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, लिहून घेताना शून्य आणि ओ हमखास उलटसुलट होतात.

'मला लॅपटॉपचं मॉडेल माहीत आहे, एवढं पुरत नाही का?' पुरेल, निम्म्या वेळा. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या कधी इंटेलचं कार्ड घालतात, कधी रिअलटेकचं, कधी मीडियाटेकचं. त्या वेळी जे हाताशी असेल ते. म्हणून कंपनीच्या सपोर्ट पानावर एकाच लॅपटॉपसाठी वायफायचे तीन-तीन ड्रायव्हर दिसतात आणि माणूस पहिला उतरवून मोकळा होतो. तिथे नंबर कामाला येतो.

## इंटरनेट नाही, मग ड्रायव्हर आणायचा कसा?

सगळ्यात सोपी वाट लोकांच्या हातातच असते: अँड्रॉइड फोन आणि त्याची केबल. फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' उघडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हा वायरचा इंटरनेट झाला. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, म्हणून तो बहुधा लगेच चालतो. फोन वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. विंडोज बसवतानाच्या त्या अडलेल्या पडद्यावरही ही युक्ती चालते.

टेदरिंगचं बटण फिकट दिसतंय, दाबलं जात नाही? बहुधा केबल फक्त चार्जिंगची आहे. डेटा जाणारी केबल लावा. आयफोनचं थोडं वेगळं आहे: त्याला केबलवरून इंटरनेट द्यायला ॲपलचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये तो नसण्याचीच शक्यता जास्त. आयफोनवाल्यांनी थोडा वेळ कोणाचा तरी अँड्रॉइड मागून घ्यावा, नाहीतर राउटरपासून थेट नेटवर्क केबल ओढावी.

इंटरनेट आलं की घाई करू नका. सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट' उघडून अपडेट शोधायला सांगा, आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधले 'ऑप्शनल अपडेट्स'ही बघा. ड्रायव्हर पुष्कळदा तिथे निमूट पडून असतात. कित्येकांचं काम इथेच संपतं.

नाही संपलं तर आधी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचं सपोर्ट पान. कार्ड इंटेलचं असेल तर थेट इंटेलच्या साइटवरचा ड्रायव्हरही चालतो. तिथेही हात टेकले तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाची साइट आहे. तिच्या शोधाच्या चौकटीत हार्डवेअर आयडीचा 'डीईव्ही'पर्यंतचा भाग टाकला की त्या नंबरचे ड्रायव्हर समोर येतात. दिसायला रुक्ष, पण भरवशाची जागा. तिथली फाइल कॅब प्रकारची, म्हणजे अनेक फायली आवळून बांधलेली असते. आधी ती एका फोल्डरमध्ये उलगडून घ्यावी लागते.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हने आणायचं असेल तरी वाट तीच. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये त्या अडलेल्या पडद्यावरच ड्रायव्हर बसवायचं बटण दिलेलं आहे. तिथून पेनड्राइव्हवरचं फोल्डर दाखवता येतं.

## हा ड्रायव्हर आपल्याच कार्डाचा आहे, हे कसं ओळखायचं?

उलगडलेल्या फोल्डरमध्ये आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा शेपटीच्या फायली असतात. एसवायएस म्हणजे खुद्द ड्रायव्हर, कॅट म्हणजे त्याची डिजिटल सही. आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल आहे आणि हा ड्रायव्हर कोणकोणत्या चिपसाठी आहे त्याची यादी तिच्यातच असते. नोटपॅडमध्ये ती उघडा, शोधाच्या चौकटीत आपला 'डीईव्ही'चा नंबर टाका. सापडला तर ड्रायव्हर आपला. नाही सापडला तर तो बसवायचा खटाटोपच नको. विंडोज स्वतःही याच यादीवरून जुळवाजुळव करतं.

बसवायला 'नेटवर्क कंट्रोलर'वर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' आणि ते फोल्डर. आतली उपफोल्डरंही शोधायची खूण चालू ठेवा. कंपनीचा सेटअप प्रोग्राम 'हार्डवेअर सापडलं नाही' म्हणून मधेच बंद पडतो तेव्हाही या हाताने बसवण्याने काम होतं.

## 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारे प्रोग्राम?

माझं मत स्पष्ट आहे: हात लावू नका. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या गाभ्यात, सगळे अधिकार घेऊन चालतो. तो बिघडला तर निळा पडदा येतो. तो खोडसाळ असेल तर अँटिव्हायरसलाही गुंडाळू शकतो. म्हणूनच ६४ बिट विंडोजने व्हिस्टापासून सही नसलेले ड्रायव्हर नाकारायला सुरुवात केली. विंडोज सहीवरून आरडाओरडा करत असेल, तर ती सूचना बंद कशी करायची हे शोधण्यापेक्षा फाइल कुठून आणली ते आठवून पाहा. शिवाय हे अपडेटर प्रोग्राम चालायलाही इंटरनेट लागतंच, आणि तेवढं इंटरनेट मिळालं असेल तर विंडोज अपडेट फुकटात तेच काम करतं.

## काल चालू होतं, आज नाही. फॉरमॅट तर मारलाच नव्हता!

मग बहुधा अपडेटने नवा ड्रायव्हर आणला आणि तो या कार्डाला मानवला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा, विंडोज साठ्यातला ड्रायव्हर पुन्हा लावेल. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकू का, असं विचारणाऱ्या चौकटीत सहज टिक करू नका; दुसरा ड्रायव्हर हाताशी नसेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल. 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी ठेवा, त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात.

## लिनक्सवर

लिनक्समध्ये वायफायचे बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच असतात, अडतं फर्मवेअरपाशी. अनेक चिपचं फर्मवेअर मुक्त नाही, म्हणून डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते वर्षानुवर्षं नव्हतं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलं. म्हणजे जुन्या इन्स्टॉलरऐवजी नवा घेतला तरी अर्धी लढाई जिंकली. चिप अगदी नवी असेल तर गाभाही नवा लागतो. केबलवरचं टेदरिंग इथेही चालतं.

ब्रॉडकॉमची काही कार्डं मात्र जुना छळ आहे. त्यांचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि 'सिक्युअर बूट' (मशीन सुरू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा येऊन सहीची नोंद करायला सांगतो. आपण घाईत तो ओलांडून जातो, आणि ड्रायव्हर बसवूनही वायफाय येत नाही.

## कार्ड बदलायची वेळ आली तर

नवं कार्ड घेताना एक सापळा आहे. इंटेलच्या काही कार्डांमध्ये वायफायचा निम्मा भाग प्रोसेसर किंवा मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असतो आणि पट्टीवर फक्त रेडिओ. एएक्स२०१ हे तसं कार्ड. ते एएमडीचा (इंटेलच्या स्पर्धक कंपनीचा) प्रोसेसर असलेल्या मशीनमध्ये बसेल, स्क्रूही लागेल, पण दिसणार नाही. एएक्स२०० स्वयंपूर्ण आहे. एका आकड्याचा फरक.

यूएसबी डोंगल घ्यायचा तर काही डोंगल पहिल्यांदा लावल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून समोर येतात. त्या बनावट सीडीतच ड्रायव्हर भरलेला असतो. तो चालवला की डोंगल रूप बदलून वायफाय होतो. सीडी दिसली म्हणून डोंगल परत करू नका.

वायफाय एकदा चालू झालं की आपल्या मशीनमध्ये नंतर बसवलेले सगळे ड्रायव्हर बाहेर काढून ठेवता येतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडा, डी ड्राइव्हवर 'ड्रायव्हर' नावाचं फोल्डर बनवा आणि 'पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर * डी:\ड्रायव्हर' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. पुढच्या फॉरमॅटच्या वेळी 'ब्राउझ माय कॉम्प्युटर'ला हेच फोल्डर दाखवायचं. डी हा त्याच डिस्कचा भाग असेल तर फोल्डर पेनड्राइव्हवर हलवा, कारण फॉरमॅट मारताना अख्खी डिस्क पुसणारेही कमी नाहीत.